कोणाचा रे तू, स्पायडरमॅन?

आमच्या तालुक्याच्या गावात अनोळखी पोरगा दिसला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणाचा रे तू?" नाव नंतर. आधी बाप सांगायचा, मग आजोबा, मग आळी. ओळख पटली, की "बस, चहा घे." नाही पटली, तर समोरचा नुसता "असं असं" म्हणतो आणि पेपरात डोकं घालतो.

याच गावातल्या एकुलत्या एक थिएटरात, सातवीत असताना, मी हिंदीत डब केलेला 'स्पायडरमॅन' पाहिला. अमेरिकेत तो ३ मे २००२ ला लागला होता. आमच्याकडे पोचेपर्यंत दिवाळीची सुट्टी उजाडली. प्रिंटवर रेघा होत्या, आवाज मधूनच बसत होता. पण पडद्यावरचा तो चष्मिस पोरगा शाळेच्या बसमागे धावत होता आणि आतली मुलं हसत होती, तेवढ्यावर काम झालं. पीटर पार्करला कोणी "कोणाचा रे तू?" विचारलं असतं, तर त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आईबाप नाहीत; ते कोण होते याची चौकशी चित्रपटही करत नाही. काका कारखान्यातून कमी केलेला इलेक्ट्रिशियन. घरात पैशांची ओढाताण.

मला तो फार आवडला. का आवडला, हे मात्र दहा वर्षांनी त्याचा रीबूट आला तेव्हा कळलं.

अकरा पानं

१९६२ साली 'अमेझिंग फँटसी' या कॉमिकच्या पंधराव्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को. त्या मालिकेतला तो शेवटचा अंक होता, आणि गोष्ट होती अवघ्या अकरा पानांची.

तोवरच्या मोठ्या सुपरहिरोंकडे आमच्या गावच्या प्रश्नाला चोख उत्तर होतं. सुपरमॅन? क्रिप्टन ग्रहावरच्या शास्त्रज्ञाचा मुलगा. बॅटमॅन? गॉथममधल्या गडगंज वेन घराण्याचा वारस. कोवळ्या वयाची पोरं बहुतेक वेळा हिरोच्या मागे मागे पळणारी साहाय्यक असत. ली आणि डिट्कोंनी असल्या एका पोराला थेट नायक केलं, आणि त्याच्या मागे घराणंच ठेवलं नाही.

पीटरला कोळी चावतो तो योगायोगाने. ताकद आल्यावर तो आधी पैसे कमवायला जातो. एक चोर समोरून पळतो, हा सहज अडवू शकतो, अडवत नाही. माझा काय संबंध? पुढे तोच चोर त्याच्या बेन काकाला मारतो. ताकदीबरोबर जबाबदारीही येते, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्या पहिल्या गोष्टीत काका म्हणतच नाही. शेवटच्या चौकटीत ते निवेदक म्हणतो. पीटरला ते कोणी शिकवलेलं नाही. काका गेल्यावर त्याचं त्यालाच ते कळलेलं आहे.

म्हणजे कोळ्याने ताकद दिली, पण स्पायडरमॅन घडवला तो त्याच्या स्वतःच्या एका चुकीने. ही चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. तुमच्याही, माझ्याही.

चूक, कबुली, क्षमा

दिग्दर्शक सॅम रेमीने २००२, २००४ आणि २००७ मध्ये टोबी मग्वायरला घेऊन तीन चित्रपट केले. ते ओळीने पाहिले, की लक्षात येतं, तिन्हींत गोष्ट एकच आहे आणि ती काकाच्या मृत्यूची आहे.

पहिल्या भागात चूक. कुस्तीचा आयोजक पीटरला तीन हजार डॉलरऐवजी शंभर टेकवतो. लगेच त्याच आयोजकाला लुटून चोर पळतो आणि पीटर बाजूला होऊन त्याला वाट देतो. त्या क्षणी आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. आम्ही सगळे पीटरच्या बाजूने होतो, म्हणून पुढच्या पाच मिनिटांत आम्हीही त्याच्याइतकेच गुन्हेगार झालो.

दुसऱ्या भागात कबुली. टेबलाशी बसून पीटर मे काकूला सांगतो, की त्या रात्री मी चोराला अडवू शकलो असतो. काकू काही बोलत नाही. त्याच्या हातातला आपला हात काढून घेते आणि वर निघून जाते. चार यांत्रिक हातांचा खलनायक असलेल्या चित्रपटात सर्वांत जास्त दुखतो तो हा एक म्हाताऱ्या बाईचा मागे घेतलेला हात.

तिसऱ्या भागात क्षमा. बेनचा खरा मारेकरी सँडमॅन निघतो आणि पीटर त्याला माफ करतो. हा भाग विस्कळीत आहे. व्हेनम हे पात्र रेमीला नको होतं, निर्मात्यांच्या आग्रहाने ते आलं. पण सूत बरोबर जागी जाऊन मिटतं. जगभरात या भागाने सुमारे ८९ कोटी डॉलर कमावले. आपल्याकडे तो हिंदी, तमिळ, तेलुगूसोबत भोजपुरीतही लागला.

या मालिकेवर तिच्या काळाचाही ठसा आहे. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये विणलेल्या जाळ्यात दरोडेखोरांचं हेलिकॉप्टर अडकतं, असा पहिल्या भागाचा टीझर होता. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तो मागे घेतला गेला. आणि नंतर एक प्रसंग घातला गेला : पुलावर उभी असलेली साधी माणसं हाताला लागेल ते ग्रीन गॉब्लिनवर फेकतात, स्पायडरमॅनच्या बाजूने ओरडतात. त्या माणसांना नावं नाहीत. मुखवट्यामागे कोणाचा मुलगा आहे, हे त्यांना ठाऊक नाही आणि ते विचारतही नाहीत.

कसेल त्याची जमीन

गोष्ट पूर्ण झाली होती. मग २०१२ मध्ये ती पुन्हा पहिल्यापासून का सांगितली गेली? उत्तर पडद्यावर मिळत नाही, कागदपत्रांत मिळतं.

१९८५ मध्ये मार्वलने स्पायडरमॅनच्या चित्रपटाचे हक्क कॅनन फिल्म्सला दिले, सव्वादोन लाख डॉलरना. कॅननचा कारभार कोसळला. हक्क तिच्या दोन मालकांपैकी एकाबरोबर, मेनाहेम गोलानबरोबर, दुसऱ्या कंपनीत गेले आणि तिथून कॅरोल्कोकडे. जेम्स कॅमेरॉनने कॅरोल्कोसाठी सविस्तर आराखडा लिहिला. जाळं यंत्रातून न येता पीटरच्या मनगटातूनच येतं, ही त्यातली कल्पना पुढे रेमीने वापरली. मग कॅरोल्कोही बुडाली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्वलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. बऱ्याच कोर्टकज्ज्यांनंतर १९९९ मध्ये हक्क सोनीकडे आले.

पण हे हक्क म्हणजे खरेदीखत नव्हतं. आपल्याकडे कूळकायद्याने 'कसेल त्याची जमीन' हे सूत्र रुजवलं. इथे तसलंच काहीसं होतं. सोनी चित्रपट काढत राहील तोवर हक्क सोनीचे. जमीन पडीक ठेवली, की ती मार्वलकडे परत. २०१४ च्या अखेरीस सोनीवर सायबर हल्ला झाला आणि कंपनीची हजारो कागदपत्रं बाहेर आली. त्यांतल्या २०११ च्या करारात मुदती होत्या : आधीचा चित्रपट लागल्यापासून पावणेचार वर्षांत नव्याचं चित्रीकरण सुरू व्हायला हवं आणि पावणेसहा वर्षांत तो प्रदर्शित व्हायला हवा.

आता बोटांवर मोजा. 'स्पायडरमॅन ३' लागला मे २००७ मध्ये. मधल्या काळात, २००९ मध्ये, डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरना मार्वल विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे हक्क परत गेले असते, तर ते सोनीच्या तगड्या स्पर्धकाच्या घरात. रेमीच्या चौथ्या भागासाठी मे २०११ ची तारीख ठरली होती. पटकथा मनासारखी होईना. या तारखेला चांगला चित्रपट होणार नाही, असं रेमीने सांगितलं. जानेवारी २०१० मध्ये सोनीने चौथा भाग रद्द केला, रेमी आणि मग्वायरला निरोप दिला आणि रीबूट जाहीर केला. डिसेंबर २०१० मध्ये चित्रीकरण सुरू झालं, जुलै २०१२ मध्ये चित्रपट अमेरिकेत लागला. पावणेचार वर्षांच्या आत, पावणेसहा वर्षांच्या आत.

मराठी रंगभूमीवर जुनं नाटक 'नव्या संचात' येतं, तेव्हा संहिता तीच असते आणि नट बदलतात. आपण नव्या नटाचं काम बघायला जातो. रीबूटची अडचण वेगळी. 'आता हे पुन्हा कशाला?' या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि 'करार संपत होता' हे उत्तर पोस्टरवर छापता येत नाही. म्हणून पोस्टरवर छापलं गेलं, की आजवर न सांगितलेली गोष्ट आम्ही सांगतोय.

ती गोष्ट होती पीटरच्या वडिलांची.

अपघात की वारसा?

'द अमेझिंग स्पायडरमॅन' भारतात अमेरिकेच्या चार दिवस आधी, २९ जून २०१२ ला लागला. इथल्या प्रेक्षकांसाठी खास आकर्षण होतं इरफान खानचं. पुलावरच्या हल्ल्यानंतर त्याचं पात्र कथेतून जे गायब होतं ते परत येतच नाही, हा भाग वेगळा.

मी तेव्हा पुण्यात नोकरीसाठी मुलाखती देत होतो. त्याच आठवड्यात एका ठिकाणी सगळे प्रश्न संपल्यावर साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?" मी म्हटलं, "एसटीत मेकॅनिक आहेत." साहेब म्हणाले, "असं असं." फाइल मिटली. संध्याकाळी मित्राने तिकीट काढलं होतं, म्हणून चित्रपटाला गेलो.

दिग्दर्शक मार्क वेबचा चित्रपट वाईट नाही. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर जास्त चपळ, जास्त तुसडा आणि जास्त हळवा आहे. कॉमिकमधलं मनगटावरचं यंत्र परत आलं. पण सुरुवातच होते ती लहानग्या पीटरला काकाकडे सोडून निघून जाणाऱ्या आईवडिलांपासून. वडील शास्त्रज्ञ. पीटर मोठा होतो, वडिलांची बॅग सापडते, बॅगेतल्या कागदांमागे तो ऑसकॉर्प कंपनीत पोचतो आणि तिथे, वडिलांच्याच संशोधनाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत, त्याला कोळी चावतो. रेमीच्या चित्रपटात हाच कोळी शाळेच्या सहलीत, पिंजऱ्यातून सुटून, वाटेत आलेल्या पोराला चावला होता.

बारीक बदल वाटतो ना? पुढे पाहा. जबाबदारीबद्दल बेन काका इथेही बोलतो, पण ते तुझ्या वडिलांचं तत्त्व होतं असं सांगून बोलतो. शिकवण आता अनुभवातून येत नाही, बापाकडून येते. एका ट्रेलरमध्ये तर पीटरला विचारलं जातं, की तुझ्या बाबतीत घडलं तो अपघात होता असं तुला वाटतं का? प्रत्यक्ष चित्रपटात हा संवाद सापडत नाही. मात्र २०१४ च्या दुसऱ्या भागात उत्तर मिळतं. वडिलांनी त्या कोळ्यांमध्ये स्वतःचा डीएनए घातला होता. त्यांच्या रक्ताच्या नात्याबाहेरच्या कोणाला त्या कोळ्यांचा उपयोगच नव्हता.

म्हणजे तो कोळी मला चावला असता, तर काहीही झालं नसतं.

त्या संध्याकाळी मला नेमकं काय टोचलं होतं, ते दोन वर्षांनी हे ऐकताना लक्षात आलं. पीटर पार्करला आता "कोणाचा रे तू?"चं उत्तर मिळालं होतं. त्याची ओळख पटली होती; तो चहाला बसू शकत होता. बाहेर मी एकटाच राहिलो होतो.

आणि वारसा आला, तशी चूक मागे पडली. २०१२ मध्ये पीटर दुकानात दूध घ्यायला जातो. दोन सेंट कमी पडतात, दुकानदार अडवतो. मागोमाग चोर गल्ला लुटतो, दुधाचं खोकं पीटरकडे फेकतो आणि पीटर त्याला जाऊ देतो. भांडून घराबाहेर पडलेल्या पीटरला शोधत रस्त्यावर आलेला बेन त्या चोराच्या गोळीने मरतो. प्रसंग चांगला बांधला आहे. तीन हजार डॉलरवरून दोन सेंटवर आलेली ही चूक जास्तच लाजिरवाणी आहे. मनगटावर चांदणी गोंदलेल्या त्या मारेकऱ्याला पीटर रात्ररात्र शोधतो. मग डॉ. कॉनर्स सरड्याचं रूप घेतात, कथा तिकडे वळते आणि मारेकऱ्याचा शोध तसाच राहून जातो. चूक आहे, पण कबुली नाही आणि क्षमाही नाही.

शेवटच्या लढाईत क्रेनचालक आपापल्या क्रेन रस्त्यावर वळवतात आणि जखमी स्पायडरमॅनला वाट करून देतात. पाहताना अंगावर काटा येतो. पण त्यांना गोळा करणारा माणूस पुलावर वाचवलेल्या मुलाचा बाप आहे. तो उपकार फेडतोय. २००२ मधल्या पुलावरच्या लोकांचं स्पायडरमॅनशी असं काही देणंघेणं नव्हतं.

ग्वेन

रीबूटच्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख म्हणजे 'आमच्या वेळी असं नव्हतं' होईल.

जून १९७३ च्या तारखेचा 'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक. गॉब्लिन पीटरच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली फेकतो. स्पायडरमॅन जाळं टाकतो, ते तिच्या पायाला चिकटते ना चिकटते तोच चित्रात बारीक अक्षरांत 'कट्' असा आवाज लिहिलेला दिसतो. ती वाचत नाही. तिला बहुधा त्या जाळ्याच्या हिसक्यानेच मारलं. हिरोचं प्रेम असलेली मुलगी अशी मरू शकते, हे तेव्हाच्या वाचकांना पचलं नव्हतं. रेमीने पहिल्या भागात असाच पूल, हाच गॉब्लिन घेतला, मेरी जेनला खाली पडू दिलं आणि वाचवलं.

वेबने वाचवलं नाही. २०१४ मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यात एमा स्टोनची ग्वेन पडते, जाळं तिला गाठतं, एका क्षणाचा उशीर होतो. ही ग्वेन ओढून आणलेली नाही. पीटरने तिला मागे ठेवायचा प्रयत्न केलेला असतो, तरी निर्णय माझा आहे म्हणत ती स्वतः आलेली असते. ज्या मालिकेने मूळ चूक हरवली होती, तिच्या हाती शेवटी एक खरा, न भरून येणारा अपराध लागला. त्याचं काय करायचं हे तिसऱ्या भागात कळलं असतं. पण दुसऱ्या भागाची कमाई ७० कोटी डॉलरच्या थोडी वर थांबली, मालिकेतली सर्वांत कमी. फेब्रुवारी २०१५ मध्ये सोनीने मार्वलशी हातमिळवणी केली, टॉम हॉलंड आला आणि गारफिल्डची गोष्ट अर्ध्यात सुटली.

ती पुरी झाली डिसेंबर २०२१ मध्ये, दुसऱ्याच्या चित्रपटात. 'नो वे होम'मध्ये तिन्ही पीटर एकत्र येतात. उंचावरून पडणाऱ्या एमजेला हॉलंडचा पीटर गाठू शकत नाही. गारफिल्ड उडी घेतो, तिला धरतो आणि अलगद खाली आणतो. ती ठीक असते. त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. मी त्याला सात वर्षं 'तो वारसदार' म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्या रात्री मीही थोडा ओशाळलो.

मालक कोण?

आमच्या गावचा प्रश्न खुद्द स्पायडरमॅनलाही विचारता येतो. स्टॅन ली यांनी चित्रपटांच्या नफ्यातल्या वाट्यासाठी २००२ मध्ये मार्वलवर दावा लावला. २००५ मध्ये तडजोड झाली. डिट्को १९६६ मध्येच मार्वल सोडून गेले होते आणि २०१८ मध्ये वारले. त्यांच्या वारसांनी २०२१ मध्ये हक्क परत मिळवण्यासाठी नोटीस दिली. २०२३ मध्ये तेही प्रकरण मिटवलं गेलं. मार्वल, डिस्ने, सोनी, वारस... कागदावर तो नेहमीच कोणाचा ना कोणाचा तरी होता.

जून २०२३ मध्ये 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं 'मुंबॅटन' आहे आणि तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे. त्याला २००४ मध्येच 'स्पायडरमॅन : इंडिया' या कॉमिकने जन्माला घातलं होतं. चित्रपटात स्पायडरमॅनांची एक अख्खी फौज माइल्स मोरालेस या पोराला बजावते, की काही मृत्यू अटळ असतात, ते झाल्याशिवाय स्पायडरमॅन घडत नाही. आणि दुसऱ्या विश्वातला कोळी तुला चावायलाच नको होता, तू चुकून झालेला आहेस.

माझा भाचा शेजारी बसून हे पाहत होता, तोही सातवीतला. माइल्स त्या सगळ्यांचं न ऐकता पळत सुटला, तेव्हा हा खुर्चीवर उभा राहून ओरडला. मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी दटावलं, "ए, खाली बस. कोणाचा आहे रे हा?"

मी म्हटलं, "माझ्याबरोबर आहे."